नाशिककरांना उत्तर: रिमोट, कर्ज आणि केबलची पावती

नमस्कार नाशिककर,

टीव्हीच्या मालकीवरच्या माझ्या लेखावर एवढी लांब आणि तिखट प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. इथे बहुतेक जण अंगठा दाखवून पुढे जातात.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. टीव्हीचे मालक मूठभर झाले म्हणून मी उगाच गळा काढतो. एके काळी नुसतं दूरदर्शन होतं, तेव्हा कुणी ओरडलं नाही. आज शेकडो चॅनेल आहेत, रिमोट आपल्या हातात आहे, आवडलं नाही तर बदला. आणि तोट्यातलं चॅनेल कुणी पैसेवाला सांभाळत असेल, तर त्याचे उपकारच मानायचे.

दूरदर्शनचा टोला लागला. ‘तेव्हा सगळं छान होतं’ असा सूर माझ्या लेखात होता, तो चुकीचाच. पण कुणी ओरडलं नाही, हे मात्र खरं नाही. १९९३च्या हिरो कपचे क्रिकेट सामने दूरदर्शनखेरीज दुसऱ्या कुणाला दाखवता येतील का, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांनी प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली. न्या. जीवन रेड्डींनी त्याच निकालात वेगळं निकालपत्र जोडलं. त्यांचं म्हणणं असं, की मक्तेदारी सरकारची असो की आणखी कुणाची, ती अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसत नाही. या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण वाजतगाजत अमलात आणला.

आता रिमोट. गावी आईकडे सेट टॉप बॉक्स चालू केला की आधी एक बातम्यांचं चॅनेल आपोआप लागतं. ती चष्मा शोधणार, मग रिमोटवर आकडा दाबणार. तोवर निवेदक घरभर बोंबलत असतो. ते चॅनेल आईने निवडलेलं नाही. धंद्यात या जागेला ‘लँडिंग पेज’ म्हणतात आणि चॅनेलवाले ती पैसे मोजून घेतात. ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणाच्या नियामकाने, २०१८च्या डिसेंबरात त्यावर बंदी घातली होती; टीडीसॅटने, म्हणजे या क्षेत्रातले तंटे सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाने, पुढच्याच वर्षी ती उठवली. तेव्हा रिमोट हातात येण्याआधीच एक सौदा झालेला असतो.

उपकारांबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचं तिथलं वाक्य मला सगळ्यात खटकलं.

बातम्यांचं चॅनेल प्रेक्षकाच्या पैशावर चालत नाही. केबलच्या बिलात त्याच्या वाट्याला काही नाही किंवा चिल्लर. भिस्त सगळी जाहिरातीवर, त्यात सरकारही मोठं गिऱ्हाईक. कॅमेरे, थेट प्रक्षेपणाच्या गाड्या (ओबी व्हॅन), पगार आणि केबलवर जागा मिळावी म्हणून द्यायचे पैसे, हा खर्च मात्र रोजचा. मग कर्ज निघतं. आणि मालकी बदलते ती या कर्जाच्या दारातून.

२०१२च्या जानेवारीत नेटवर्क१८ या वाहिन्यांच्या कंपनीच्या कर्जाखाली वाकलेल्या प्रवर्तकांना, म्हणजे मूळ मालकांना, रिलायन्सच्या ट्रस्टने पैसा पुरवला. रोख्यांच्या रूपात, आणि रोखे असे की पुढे त्यांचे शेअर करता यावेत. त्याच व्यवहारात ईटीव्हीच्या प्रादेशिक वाहिन्यांतला रिलायन्सचा हिस्सा नेटवर्क१८कडे वळला. २०१४मध्ये कंपनीच रिलायन्सच्या ताब्यात आली. २०१५मध्ये आपल्या ईटीव्ही मराठीवर कलर्स मराठीची पाटी लागली. आमच्या घरी तेव्हा चर्चा फक्त नव्या लोगोची झाली!

एनडीटीव्हीचंही तेच. संस्थापकांच्या कंपनीने २००९-१०मध्ये सुमारे ४०३ कोटींचं बिनव्याजी कर्ज घेतलं होतं. ज्या कंपनीने ते दिलं, ती कंपनीच ऑगस्ट २०२२मध्ये अदानी समूहाने विकत घेतली आणि कर्जासोबतच्या हक्काने एनडीटीव्हीचा २९.१८ टक्के हिस्सा मागितला. आमची संमती घेतली नाही, असं एनडीटीव्हीने तेव्हा जाहीरपणे सांगितलं. वर्ष संपायच्या आत चॅनेल अदानींचं झालं.

याला कायद्याच्या भाषेत काहीही म्हणा. पण बंदरं, विमानतळ, तेल, मोबाइल असे परवान्यांवर चालणारे धंदे ज्यांचे आहेत, त्यांना तोट्यातलं चॅनेल का परवडतं, हा प्रश्न तुम्ही व्यापारी माणूस म्हणून स्वतःला विचारायला हवा होता. (व्यापारी आहात हे तुम्हीच लिहिलंय.) उपकारच करायचे तर दवाखाना बांधतात.

नोव्हेंबर २०२४मध्ये स्टार आणि व्हायाकॉम१८ (कलर्स वाहिन्या चालवणारी रिलायन्सच्या घरची कंपनी) एक झाले, तेव्हा स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकाच कंपनीत आले. स्पर्धा आयोगाने अटी घातल्या, काही वाहिन्या विकायलाही सांगितल्या. पण आयपीएल बघा. २०२२च्या लिलावात टीव्हीचे हक्क स्टारने २३,५७५ कोटींना घेतले आणि मोबाइलचे व्हायाकॉम१८ने. चढाओढ होती म्हणून एकूण बोली ४८,३९० कोटींवर गेली. ते दोघे आता एकाच घरात. साबण विकणाऱ्या कंपनीला सामन्यात जाहिरात द्यायची असेल, तर घासाघीस कुणाशी करणार?

कायदा काय करतो, असं तुम्ही शेवटी विचारलंत. ट्रायने ऑगस्ट २०१४मध्ये माध्यमांच्या मालकीवर बंधनं सुचवली होती. ती कागदावरच आहेत.

एक काम सांगतो. शेकडो चॅनेल आहेत म्हणता, पण बऱ्याच घरांत ती येतात केबलमधून. हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांतला मोठा हिस्सा घेण्याचा करार रिलायन्सने २०१८मध्येच केला. तुमच्या केबलवाल्याच्या पावतीवर खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत, कुठल्या कंपनीचं नाव आहे ते बघून कळवा.