रामाच्या नावाचा ताम्रपट आणि पांडवलेणी

‘श्रीरामांनी पंचवटी ऋषींना दान दिल्याचा ताम्रपट सापडला! नाशिक रामांनीच वसवलं हे सिद्ध, लेणीही पांडवांचीच’ हा मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या मामांनी त्या ताम्रपटाची फ्रेम मागवायला पैसेही भरले, म्हणून आता लिहायलाच हवं.

फोटो मोठा करून बघा. अक्षरं आजच्या देवनागरीतली, शिरोरेघेसकट. तेही सोडा, शेवट वाचा: ‘उक्तं च भगवता व्यासेन’ आणि खाली ‘बहुभिर्वसुधा भुक्ता राजभिः सगरादिभिः’. त्रेतायुगातले राम द्वापरातल्या व्यासांचा दाखला कसा देतील? शेकडो वर्षं राजांच्या दानपत्रांच्या शेवटी हा ठरलेला श्लोक येतो. तिथूनच तो उचललाय. हा उद्योग जुनाच आहे. कर्नाटकातल्या गौज अग्रहाराच्या ताम्रपटात खुद्द महाभारतातला जनमेजय राजा तुंगभद्रेकाठी सर्पसत्र करून गावं दान देतो. त्यातल्या सूर्यग्रहणाचं गणित इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांनी मांडलं, तर तारीख निघाली ७ एप्रिल १५२१!

वाल्मीकींच्या अरण्यकांडात गोदावरीकाठची पंचवटी आहे, शूर्पणखेचं नाक कापल्याची कथाही आहे, हे मान्य. पण तिथे राम पर्णकुटीत राहतात, नगर वसवत नाहीत. मोगलांनी ‘गुलशनाबाद’ नाव दिलं होतं, तेही खरं. त्याने ताम्रपट खरा ठरत नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती नाशिकच्या पांडवलेणी या बौद्ध लेण्यांबद्दलच्या दाव्याची. एकोणिसाव्या लेण्यात ब्राह्मी लिपीत, प्राकृतात कोरलंय की सातवाहन कुळातला कान्ह राजा असताना नाशिकच्या श्रमण महामात्राने (भिक्षूंच्या कारभारावरच्या अधिकाऱ्याने) हे लेणं करवलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळीत ‘नासिक’ आहे. अठराव्यात धंभिक गावाच्या दानाची नोंद आहे. अर्जुन-भीमही लेण्यांत आहेत, पण उपमेत: तिसऱ्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्रीच्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा म्हटलाय. मुलगा गेल्यावर त्या आईने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं. ‘पांडवांनी खोदली’ म्हणत तुम्ही तिचं नाव पुसताय.

फ्रेम विकणाऱ्यांनी आधी सांगावं: तांब्याचा पत्रा कुठे सापडला, कोणाच्या ताब्यात आहे, पत्रे ओवायची कडी आणि तिच्यावरची राजमुद्रा कुठाय? सांगता येत नसेल तर मामांचे पैसे परत करा.