‘एलडॅक नसेल तर घेऊच नका’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

वायरलेस इअरबड्स घ्यायचे म्हटलं की एक सल्ला हमखास समोर येतो. तो इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे पाठवलाय की आता नियम असल्यासारखाच सांगितला जातो. त्याचा गोषवारा असा: एसबीसी आणि एएसी हे जुने, टाकाऊ कोडेक (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज दाबण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धती) आहेत. एलडॅक या सोनीच्या कोडेकवर ९९० केबीपीएसने (सेकंदाला ९९० किलोबिट) मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं कानात पोचतं. आयफोनमध्ये एलडॅक नाही, म्हणून त्याला चांगले इअरबड्स जोडणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ब्लूटूथच्या आवृत्तीचा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला. आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) असं लिहिलेलं नसेल तर खोकं उघडूसुद्धा नका.

या सल्ल्यामुळे लोकांचं खरोखर नुकसान होतं असं मला वाटतं. कानात नीट बसणारे, नीट ट्यून केलेले इअरबड्स एका लोगोपायी नाकारले जातात, आणि ज्यांच्याकडे असे आधीच आहेत त्यांना आपण काहीतरी कमअस्सल ऐकतोय अशी उगाच रुखरुख लागते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एसबीसी म्हणजे कचरा’

ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याची ए२डीपी ही पद्धत २००३ साली ठरली, तेव्हा त्यात एसबीसी सक्तीचा केला गेला. बाकीचे सगळे कोडेक ऐच्छिक. त्यामुळेच कुठलाही फोन कुठल्याही इअरबड्सशी निदान एका भाषेत तरी बोलू शकतो. एसबीसी मुद्दाम सोपा ठेवलेला आहे. त्याला कमी प्रोसेसिंग लागतं, बॅटरी कमी खर्च होते. तेवढ्याच बिटांत एएसी त्याच्यापेक्षा सरस काम करतो, हे मान्यच आहे.

पण त्याची बदनामी झाली ती मुख्यतः बिटपूल नावाच्या एका सेटिंगमुळे. आवाजाच्या दर छोट्या तुकड्याला (फ्रेमला) किती बिट वापरायचे हे त्यावरून ठरतं, आणि ते फोन आणि इअरबड्स जोडणी होताना आपापसात ठरवून टाकतात. मानकातच दिलेल्या ‘उच्च’ दर्जाच्या शिफारशीप्रमाणे बिटपूल ५३ असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजाला ३२८ केबीपीएस मिळतात. ‘मध्यम’ शिफारशीत बिटपूल ३५ असतो आणि मिळतात फक्त २२९. उत्पादकाने बिटपूल आणखी खाली बांधून ठेवला, तर झांजेची लांबत जाणारी सळसळ खरखरीत होते, आणि दोष मात्र कोडेकच्या नावाला लागतो. म्हणजे ‘एसबीसी’ एवढ्या नावावरून फारसं काही कळतच नाही. ३२८ वर नीट चालणारा एसबीसी प्रवासात, चालता-फिरता ऐकताना बहुतेक गाण्यांत ओळखू येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

हे तपासून बघायला अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, आणि तिथे ब्लूटूथ ऑडिओ कोडेक ही ओळ सापडते. इअरबड्स जोडलेले असताना तिथून एसबीसी, एएसी, एलडॅक यांच्यात अदलाबदल करता येते. फक्त दोन पथ्यं पाळायला हवीत. कोडेक दुसऱ्या कुणीतरी बदलावा, तुम्हाला न सांगता. आणि दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी असावी. पातळी किंचित वाढली तरी कानाला तोच आवाज ‘जास्त मोकळा’, ‘जास्त तपशीलवार’ वाटतो. एलडॅक लावताच जादू झाली, असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी या दोन अटी पाळलेल्या असतात? स्क्रीनवर एलडॅक हे नाव वाचून मग ऐकलं, तर कान निर्णय आधीच घेऊन बसलेला असतो.

‘९९० म्हणजे मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं’

आधी गणित. सीडीच्या आवाजाला १४११ केबीपीएस लागतात. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजाला ४६०८. एलडॅकची कमाल मर्यादा ९९०, म्हणजे या दुसऱ्या आकड्याच्या एक चतुर्थांशाहूनही कमी. उरलेलं कुठेतरी गाळावंच लागतं. एलडॅक हे काम चांगलं करतो, पण गाळतो, आणि जो गाळतो त्याला ‘जसंच्या तसं’ म्हणता येत नाही. सीडीचा आवाज खरोखर अबाधित पाठवायचा दावा करणारा अ‍ॅपटेक्स लॉसलेस हा कोडेक चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने २०२१ साली आणला. त्यालाही दोन्ही टोकांना योग्य हार्डवेअर आणि भक्कम सिग्नल लागतो, नाहीतर तो खालच्या बिटरेटवर येतो.

दुसरं म्हणजे, ९९० हा आकडा सतत मिळत नाही. एलडॅकच्या पायऱ्या तीन: ९९०, ६६० आणि ३३०. बहुतेक फोनवर तो आपोआप वरखाली होणाऱ्या पद्धतीवर लावलेला असतो. फोन टेबलावर, समोर, हातभर अंतरावर असेल तेव्हा ९९० टिकतो. आता तोच फोन पँटच्या मागच्या खिशात टाका आणि गर्दीत शिरा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, त्याच पट्ट्यात वायफायही असतं, आणि या लहरी आपलं पाण्याने भरलेलं शरीर चांगल्याच शोषून घेतं. फोन आणि कान यांच्यामध्ये तुमचं स्वतःचं धड उभं राहिलं की सिग्नल पडतो आणि एलडॅक पायरी उतरतो. सर्वांत खालच्या पायरीवर त्याच्याकडे ३३० केबीपीएस उरतात. एसबीसीकडे ३२८ होते. सेटिंगच्या पडद्यावर मात्र अजूनही एलडॅक असंच लिहिलेलं असतं.

काही जण यावर उपाय म्हणून ९९० पक्का करून ठेवतात. मग आवाज पायरी उतरत नाही, थेट तुटतो. ऐन आलापात अर्ध्या सेकंदाचा खड्डा पडण्यापेक्षा सलग चालणारा एएसी मी कधीही पत्करेन.

शिवाय आत काय ओततोय हेही बघायला हवं. गाणं जर स्ट्रीमिंग सेवेकडून २५६ किंवा ३२० केबीपीएसने आधीच दाबून आलं असेल, तर पुढचा पाइप कितीही रुंद असला तरी पाणी जास्त स्वच्छ होत नाही. गाळून गेलेलं परत आणण्याची सोय कुठल्याच कोडेकमध्ये नाही.

‘आयफोनला एलडॅक नाही, म्हणजे सगळं वाया’

आयफोन संगीतासाठी एसबीसी आणि एएसी हे दोनच नेहमीचे कोडेक वापरतो, हे खरं आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. एएसी हा ऐकण्याच्या मानसशास्त्रावर बेतलेला कोडेक आहे. कुठला ध्वनी दुसऱ्या ध्वनीखाली झाकला जाईल याचा अंदाज घेऊन तो बिट वाटतो, म्हणून कमी बिटांत जास्त काम करतो. आयफोनमधला त्याचा एन्कोडर (आवाज दाबणारा भाग) चांगला आहे. अशा एएसीची गुणवत्ता निव्वळ आकडा लहान म्हणून हलकी ठरवणं म्हणजे वेगवेगळ्या कोडेकचे बिट एकाच तराजूत टाकणं.

इथे उलट बाजूचा एक गैरसमजही दूर करतो. फोनमधलं गाणं एएसी असेल आणि इअरबड्सही एएसीवाले असतील, तर फाइल तशीच्या तशी हवेतून जाते असं पुष्कळ जण समजतात. तसं सहसा होत नाही. फोनला त्या आवाजात नोटिफिकेशनचा टिंग, नकाशातल्या सूचना, आवाजाची पातळी हे सगळं मिसळायचं असतं, म्हणून तो गाणं उलगडतो, मिसळतो आणि पुन्हा एन्कोड करतो.

अँड्रॉइडच्या बाबतीत मात्र सल्ला देणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. एएसीची गुणवत्ता तिथे फोनगणिक बदलत आलेली आहे. सोनीने २०१५ मध्ये आणलेल्या एलडॅकचा एन्कोडर २०१७ साली अँड्रॉइड ८ मध्ये समाविष्ट झाला, त्यामुळे फोनच्या बाजूने तो आज सहज मिळतो. अँड्रॉइड फोन असेल, त्याचा एएसी रद्दड वाटत असेल, आणि इअरबड्समध्ये एलडॅक असेल, तर खुशाल लावावा. पण हा झाला एका विशिष्ट जोडीपुरता सल्ला. कोडेक दोन्ही टोकांना लागतो. सॅमसंगचा स्वतःचा कोडेक त्यांच्याच फोनवर चालतो, दुसऱ्या फोनला जोडले की तेच इअरबड्स एएसी किंवा एसबीसीवर येतात. म्हणून ‘कुठला कोडेक चांगला’ असं कुणी विचारलं, तर आधी ‘फोन कुठला’ हे विचारायला हवं.

‘ब्लूटूथ ५.३ चा आवाज ५.० पेक्षा चांगला’

एसबीसी, एएसी, अ‍ॅपटेक्स, एलडॅक हे सगळे क्लासिक, म्हणजे मूळच्या ब्लूटूथवरून जातात. त्या रस्त्याचा सेकंदाला २ आणि ३ मेगाबिटचा वेग ब्लूटूथ २.० सोबत २००४ साली आला आणि अजून तोच आहे. २०१६ च्या ब्लूटूथ ५.० मध्ये ‘दुप्पट वेग’ आला तो लो एनर्जी या वेगळ्या रस्त्यावर, आणि ए२डीपीचं संगीत त्या रस्त्याने जातच नाही. खोक्यावरच्या दशांशाने गाण्यात फरक पडत नाही.

‘२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ हवंच’

४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर बसतात. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत जातो आणि वयाबरोबर खाली येतो. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, तो रस्त्यावरच्या गोंगाटात काय, घरातल्या पंख्याच्या आवाजातही पुरून उरतो. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करणाऱ्यांना जास्त बिटांचा उपयोग असतो. ऐकणाऱ्याला नाही.

सल्ल्यात जे येतच नाही

आता ज्याचा फरक कुणालाही, डोळे मिटून, पहिल्या फटक्यात ऐकू येतो त्या गोष्टीकडे येतो. तबल्याचा बायाँ किंवा बेस गिटार ठळक असलेलं एखादं गाणं लावा. इअरबड कानात नेहमीसारखा ठेवा आणि मग बोटाने हलकेच आत दाबा. दाबताक्षणी खालचा घुमारा एकदम भरून आला, तर तुमची इअरटिप कानाला पुरी बसत नाहीये. टिप आणि कानाची भिंत यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खर्ज त्यातून निसटतो. मग आवाज पातळ आणि किंचित टोचरा होतो, नॉइज कॅन्सलेशनही अर्धवट चालतं. आकाराने एक पायरी मोठी किंवा लहान टिप लावून बघणं हा यावरचा उपाय आहे. दोन कानांना दोन वेगवेगळे आकार लागणं हेही अगदी साधं आहे. एसबीसी बदलून एलडॅक केल्याने असा फरक कधीच पडत नाही.

त्यानंतर क्रम लागतो ट्यूनिंगचा. कुठल्या स्वरपट्टीला किती जोर दिलाय, गायकाचा आवाज पुढे आहे की बेसखाली दबलाय, ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, हे ड्रायव्हर (इअरबडमधला छोटा स्पीकर) आणि ट्यूनिंग ठरवतं. अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असेल तर तो वापरायला शिकणं कोडेकच्या यादीपेक्षा कितीतरी उपयोगाचं. खराब ट्यून केलेल्या इअरबडला ९९० दिले, तर तो खराब ट्यूनिंगच जास्त इमानदारीने ऐकवतो.

‘पण असला तर बिघडलं कुठे?’

हा प्रश्न रास्त आहे. एलडॅक असण्यात तोटा नाही, चालू ठेवण्यात थोडा आहे. जास्त बिट पाठवायचे म्हणजे बॅटरी जास्त जाते. अनेक इअरबड्समध्ये एलडॅक चालू केला की फोन आणि लॅपटॉप एकाच वेळी जोडण्याची सोय बंद पडते. दिवसभर मीटिंग आणि फोन यांच्यात ये-जा करणाऱ्याला ती सोय जास्त मोलाची असते. व्हिडिओ आणि गेममध्ये आवाज मागे पडत असेल तर तिथेही एलडॅक कामाचा नाही. तिथे बफर (आगाऊ साठवून ठेवलेला आवाज) कमी करणारा गेम मोड बघावा.

आणि फोनवर बोलताना यातला कुठलाच कोडेक चालत नाही. माइक उघडला की क्लासिक ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून हँड्स-फ्रीच्या पद्धतीवर जातं. तिथे जुना सीव्हीएसडी हा कोडेक ८ किलोहर्ट्झच्या नमुन्यांवर आणि एमएसबीसी १६ किलोहर्ट्झवर चालतो. लॅपटॉपवर मीटिंग सुरू होताच मागचं गाणं एकदम डबक्यात बुडाल्यासारखं होतं, ते यामुळेच. कॉलची तक्रार घेऊन एलडॅकवाले इअरबड्स आणले तर ती तक्रार तशीच राहते. तिथे माइकची जागा आणि वाऱ्याचा आवाज काढण्याची क्षमता बघायची.

यातून बाहेर काढणारा बदल येतोय तो एलई ऑडिओ (लो एनर्जीच्या रस्त्याने आवाज पाठवण्याची नवी पद्धत) आणि त्याच्या एलसी३ या कोडेकमधून. त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली, आणि कोडेक फ्राउनहोफर आणि एरिक्सन यांनी घडवला. ब्लूटूथचं मानक ठरवणाऱ्या संस्थेचं म्हणणं असं की एसबीसीच्या निम्म्या बिटरेटवरही एलसी३ त्याच्यापेक्षा चांगला ऐकू येतो. ९९० च्या पुढचा आकडा गाठण्याऐवजी त्यांनी बिट कमी केले आणि वाचलेली जागा बॅटरीला, श्रवणयंत्रांना आणि एकाच वेळी अनेकांना आवाज पुरवण्याला दिली. तोही दोन्ही टोकांना लागतोच, आणि ब्लूटूथ ५.२ किंवा त्यापुढचा आकडा लिहिलेल्या प्रत्येक उपकरणात तो असतोच असं नाही, कारण ती सोय ऐच्छिक आहे. इअरबड्सच्या माहितीपत्रकात ‘एलई ऑडिओ’ हे शब्द वेगळे शोधावे लागतात, आणि तेच फोनच्याही.