डाकोटाच्या दारात कोणाला घ्यायचं, हे कोणी ठरवायचं?

न्यूयॉर्कच्या डाकोटा इमारतीचं नाव काढलं की बहुतेकांना ८ डिसेंबर १९८० आठवतो. बाहत्तराव्या रस्त्यावरच्या तिच्या कमानीपाशी बीटल्सच्या जॉन लेनन या गायकावर गोळ्या झाडल्या गेल्या. मला मात्र त्या कमानीच्या आतल्या कारभाराबद्दल बोलायचंय.

आधी इमारतीबद्दल, कारण ती खरंच अफाट आहे. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीत श्रीमंत झालेल्या एडवर्ड क्लार्कने ती बांधायला घेतली. हेन्री हार्डनबर्गने आराखडा केला. पुढे प्लाझा हॉटेलही त्यानेच उभारलं. १८८४ मध्ये काम पुरं झालं, पण क्लार्क त्याआधी दोनच वर्षं गेला होता. त्या काळी पैसेवाला न्यूयॉर्ककर स्वतंत्र घरात राहायचा. एका छपराखाली अनेक बिऱ्हाडं म्हणजे गरिबांची वस्ती, असा समज. तो मोडायचा तर घरं महालासारखीच हवीत! म्हणून उंच छतं, एकासारखं दुसरं नाही असे फ्लॅट, मधोमध घोडागाडी आत येईल एवढं अंगण आणि वीज बनवण्याची स्वतःची सोय.

जवळजवळ ऐंशी वर्षं इथे सगळे भाडेकरूच होते. १९६१ मध्ये रहिवाशांनीच इमारत विकत घेतली आणि सहकारी संस्था केली. मला डाकोटाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. भाडेकरूंनी एकत्र येऊन आपलं घर वाचवलं, आणि सहकार असतो तो यासाठीच.

तिथल्या को-ऑपमध्ये, म्हणजे अशा सहकारी गृहसंस्थेत, तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही. संस्थेचे शेअर घेता आणि त्यासोबत राहण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे प्रत्येक नव्या माणसाला संचालक मंडळाची मंजुरी लागते. तुमचे बँकेचे कागद, करविवरणपत्रं, ओळखीच्यांची पत्रं सगळं बघतात, समोर बसवून मुलाखत घेतात. आणि नकार द्यायचा तर न्यूयॉर्कच्या मंडळांनी वर्षानुवर्षं कारण सांगितलेलंच नाही. अँटोनिओ बँडेरास आणि मेलनी ग्रिफिथ या हॉलिवूडच्या जोडप्यालाही डाकोटाने दार उघडलं नव्हतं.

नटनट्यांचं काही अडत नाही, त्यांना दुसरीकडे घर मिळतं. खरा प्रश्न २०११ मध्ये पुढे आला. याच मंडळाचा अध्यक्ष राहिलेल्या एका कृष्णवर्णीय रहिवाशाला शेजारचा फ्लॅट घ्यायचा होता. मंडळाने नाही म्हटलं आणि त्याने वंशभेदाचा दावा लावला. मंडळाचं म्हणणं, प्रश्न त्याच्या आर्थिक स्थितीचा होता. पुढे दावा फेटाळला गेला, तेव्हा खरं-खोटं मी करत नाही. पण एवढं दिसतंच की, नकाराचं कारण लेखी द्यायची सवय नसेल तर भेदभाव झाला की नाही हे बघायला माणसाला कोर्टाची पायरी चढावी लागते.

आपल्याकडे मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, म्हणजे सहकारी घरांचा अनुभव आपल्याला डाकोटापेक्षा जुना. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. हा कायदा मला मोलाचा वाटतो. (मुंबईत जेवणाच्या सवयी किंवा आडनाव बघून घर नाकारतात, हेही माहीत आहे. तो कायद्याला धाब्यावर बसवणाऱ्यांचा दोष.) उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच हा उपविधी वैध ठरवला. तो निकाल मला आजही पटत नाही.

शेजारी निवडायचा हक्क हवाच, असं को-ऑपवाले म्हणतात. देखभालीचा खर्च सगळ्यांचा, एकाने थकवला तर बाकीच्यांवर बोजा, हे अगदी बरोबर आहे. मग पैशांची ऐपत तपासा, नियम आधी छापून लावा, अर्जाला ठराविक मुदतीत उत्तर द्या आणि नकार असेल तर कारण सहीनिशी कागदावर द्या. एवढं करायला डाकोटाला अवघड काय आहे? १९६१ मध्ये भाडेकरूंनी मिळून मालकी घेतली होती, तिथल्या मंडळाला हे जमायलाच हवं.