किट दिलं म्हणजे झालं?

आज रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या एका चर्चेत एक गृहस्थ सहज बोलून गेले, "कोविडमध्ये सगळ्यांना किट दिलं होतं की! मग तक्रार कसली?" तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, किट म्हणजे संसर्गापासून वाचवणारा पोशाख (पीपीई), आणि संसर्गाचा खरा धोका तो उतरवताना असतो. आधी ग्लोव्हज. मग हात स्वच्छ. मग गाऊन, बाहेरची बाजू आत गुंडाळत. पुन्हा हात. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. आणि एन-९५ मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला बोट न लावता. हे करायचं कुणी? सहा-आठ तास पाण्याचा घोट नाही, लघवीला जाता आलेलं नाही, नाकावर मास्कचा व्रण उठलाय, अशा माणसाने. नाक खाजलं की त्याचा हात आपोआप वर जातो. म्हणून समोर उभं राहून एकेक पायरी सांगणारा माणूस लागतो. मनुष्यबळ आटलं की पहिली कात्री बहुधा त्याच्यावरच.

टंचाईच्या दिवसांत किट मिळणं हीच मोठी गोष्ट होती, मान्य. पण व्रणावर पट्टी लावली तर तिथूनच मास्कची हवा गळू शकते, हे त्या गृहस्थांना ठाऊक आहे का?

आणि माणसं किती लागतात? व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, ऑक्सिजन नीट मिळावा म्हणून, पालथा करायला एक जण डोक्याशी, फक्त श्वासनळीतली नळी सांभाळायला, आणि दोन्ही बाजूंना दोघं-दोघं. बारा-सोळा तासांनी पुन्हा सरळ करायचा. तेवढ्यात शेजारच्या खाटेचा अलार्म वाजला तर तिकडे कोण धावणार? ड्यूटी चार तासांची करा म्हटलं की उत्तर ठरलेलं: माणसं नाहीत.

जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने गेले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. किट होतं की!

जाऊ दे, चिडून काय होणार. मरणाऱ्याच्या कानाशी घरच्यांचा फोन धरून उभी राहिलेली सिस्टर पाच मिनिटांनी पुढच्या खाटेवर सलाईन लावत असते. तिला समुपदेशनाचं पोस्टर नको असतं. आठवड्याचं वेळापत्रक आधी कळावं, सुट्टी ऐनवेळी रद्द होऊ नये, विलगीकरणातले दिवस बिनपगारी धरू नयेत, एवढंच.

आणि तीच खोली पुसणारा कंत्राटी सफाई कामगार? त्याच्या वाट्याला किट तरी पुरेसं आलं होतं का, हे त्या गृहस्थांनी आधी विचारून यावं.