तूप, खोबरेल आणि दह्याचा ‘इम्युनिटी’ मेसेज: कुठे आणि किती चुकतो

पावसाळ्यात सर्दी-तापाने घरोघरी माणसं झोपली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्यातलं सांगणं थोडक्यात असं. प्रतिकारशक्तीचा सत्तर टक्के भाग आतड्यात असतो, म्हणून रोज अनशापोटी एक मोठा चमचा साजूक तूप आणि एक मोठा चमचा खोबरेल तेल घ्या. तुपातलं ब्युटिरिक ॲसिड आतडं बरं करतं, खोबरेलातलं लॉरिक ॲसिड विषाणू मारतं. रिफाइंड तेलाने दाह (शरीरातली आतली सूज) वाढतो म्हणून ते बंद करा, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून ओमेगा-३ च्या गोळ्या सुरू करा. घरचं दही आणि कढी म्हणजे कोट्यवधी प्रोबायोटिक. जुलाब झाले तर प्रोबायोटिकची पुडी पुरे. आणि यातलं काहीही कितीही घेतलं तरी अपाय नाही.

मेसेज पटतो, कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुठल्यातरी खऱ्या प्रयोगातून उचललेला आहे. मात्र तो पदार्थ किती लागतो, शरीरात कुठे पोचतो आणि कोणाला उपयोगी पडतो, हे वाटेतच गळून पडलंय.

“सत्तर टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात”

आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची मोठी वस्ती आहे, हे खरं. पण त्या पेशींचं मुख्य काम लढण्याचं नाही, दुर्लक्ष करण्याचं आहे. रोज येणारं अन्न आणि तिथेच राहणारे अब्जावधी जिवाणू यांना त्यांनी शत्रू समजायचं नसतं. हा संयम सुटला की सिलिअ‍ॅक किंवा क्रोन्ससारखे आतड्याचे आजार होतात. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणत्या संसर्गाचं प्रमाण, कोणामध्ये, किती कमी झालं, हा प्रश्न विचारायचा.

“तुपातलं ब्युटिरिक ॲसिड”

इथे नुसता हिशेब मांडला तरी पुरे. तुपात वजनाच्या ३ ते ४ टक्के ब्युटिरिक ॲसिड असतं. मोठा चमचा म्हणजे १५ ग्रॅम तूप, त्यात साधारण अर्धा ग्रॅम. ते जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच सुटं होतं, शोषलं जातं आणि रक्तातून थेट यकृताकडे जातं. ब्युटिरेटवर (ब्युटिरिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) जगणाऱ्या पेशी आहेत मोठ्या आतड्यात, म्हणजे कित्येक फूट पुढे. तिथलं ब्युटिरेट तिथेच तयार होतं, न पचलेल्या तंतूंवर जिवाणू काम करतात तेव्हा, आणि दिवसाला काही ग्रॅम इतकं.

म्हणजे ब्युटिरेट हवं असेल तर ज्वारीची भाकरी, सालीसकट मूग, हरभरे, राजमा, पालेभाजी. तंतू आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. एकदम वाढवले तर पोट फुगतं आणि माणूस चौथ्या दिवशी सगळं सोडून देतो. शिजवून थंड केलेल्या भातातही न पचणारा स्टार्च थोडा वाढतो. पण हे वाचून कोणी भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष सकाळी फोडणी दिली तरी टिकून राहतं. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे.

तुपाचा संसर्गाशी खरा संबंध वेगळाच आहे. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्धाशिवाय नीट शोषली जात नाहीत. त्यातल्या ‘अ’चा पुरावा सर्वांत भक्कम. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातला अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जीवनसत्त्व ‘अ’चे मोठे डोस दिलेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. भारतात नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट देतात, ते याच कारणासाठी. शेवग्याच्या पाल्यातलं किंवा गाजरातलं कॅरोटीन शोषायला एका जेवणात ३ ते ५ ग्रॅम स्निग्ध पुरतं, म्हणजे छोटा चमचाभर. तूप भाजीसोबत गेलं तर हा फायदा. अनशापोटी एकटंच गेलं तर शोषायला सोबत काहीच नसतं.

“लॉरिक ॲसिड विषाणू मारतं”

काचेच्या बशीत मारतं. लॉरिक ॲसिडपासून बनणारं मोनोलॉरिन विषाणूवरचं स्निग्ध आवरण फोडतं. पण सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू म्हणजे ऱ्हायनोव्हायरस, त्याला असं आवरणच नाही. रोटाव्हायरस आणि नोरोव्हायरस हे जुलाबाचे विषाणूही बिनआवरणाचे. शिवाय गिळलेलं खोबरेल पचतं. काही भाग यकृतात जळतो, काही पुन्हा चरबीत बांधला जातो. घशात मोनोलॉरिनचा पहारा बसत नाही.

आता त्या दोन चमच्यांची बेरीज. खोबरेलात ९० टक्के संपृक्त स्निग्ध (सॅच्युरेटेड फॅट), तुपात ६० टक्क्यांच्या वर. दोन्ही मिळून साधारण २३ ग्रॅम. २,००० कॅलरींच्या आहारात संपृक्त स्निग्धाची मर्यादा १० टक्के धरली तर ती २२ ग्रॅमवर येते. नाश्ता व्हायचाय अजून! गोव्यात किंवा कोकणात खोबरेलात स्वयंपाक होतो त्याला हरकत नाही, तिथे ते दिवसाच्या तेलाच्या हिशेबात धरलेलं असतं. औषध म्हणून वरून ओतलेलं तेल त्या हिशेबात येत नाही.

“रिफाइंड बंद करा, ओमेगा-३ सुरू करा”

सूर्यफूल, सोयाबीन या तेलांतलं लिनोलेइक ॲसिड शरीराला बनवता येत नाही, ते अन्नातूनच घ्यावं लागतं. माणसांवरच्या नियंत्रित चाचण्यांत ते वाढवून दाह वाढल्याचं दिसलेलं नाही. काळजी करायची तर पुन्हापुन्हा तापवलेल्या तळणीच्या तेलाची करावी. ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर तयार होणारी रसायनं, २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायला एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची मनाई आहे.

ओमेगा-३ बद्दलचा दावा तर उलटाच आहे. माशाच्या तेलातलं ईपीए हे ओमेगा-३ पेशींच्या आवरणात शिरतं आणि दाह भडकवणारी रसायनं कमी बनतात. सांधेदुखीत ते वापरून पाहतात ते म्हणूनच. पण दाह हा संसर्गाशी लढण्याचाच भाग आहे. भरपूर माशाचं तेल खाऊ घातलेल्या उंदरांना लिस्टेरियाचे जिवाणू किंवा फ्लूचा विषाणू अंगातून काढायला जास्त वेळ लागला. म्हणून बांगडा-तारली टाळू नका. आठवड्यातून दोनदा मासे खाणं हा वेगळा मामला आहे. पण जी गोळी दाह शांत करते असं सांगून विकायची, तीच लढण्याची ताकद वाढवते असंही सांगून विकायची, हे जमत नाही.

“घरचं दही म्हणजे प्रोबायोटिक”

प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येने घेतल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, अशी व्याख्या एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केली. फायदा सिद्ध होतो तो एका ठराविक स्ट्रेनचा (जिवाणूच्या एका नेमक्या वाणाचा), ठराविक मात्रेत. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही, तसंच लॅक्टोबॅसिलस या जिवाणूंच्या कुळाचं.

ओडिशातला अभ्यास याचं उत्तम उदाहरण. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एकच स्ट्रेन, सुमारे १०० कोटी जिवंत पेशी, सोबत त्यांचं खाद्य म्हणून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, असं ७ दिवस दिलं. सेप्सिस (संसर्ग अंगभर पसरून होणारी गंभीर अवस्था) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. ही बाळं पुरेशा वजनाची आणि अंगावर पिणारी होती. यावरून विरजणातल्या जिवाणूंबद्दल काही सिद्ध होत नाही. विरजणात काय आहे हे घरोघरी वेगळं, आणि त्यातले बरेचसे जिवाणू जठरातल्या आम्लात आणि पित्तात टिकत नाहीत.

दही वाईट आहे असं नाही. जिवंत दह्याने दुधातली साखर पचायला मदत होते, हे पक्कं आहे. फक्त विरजण लावताना दूध बोट सोसेल इतकं, ४० ते ४५ अंशांवर हवं. ५० च्या वर विरजण मरू लागतं. तार सुटलेलं, बुडबुडे आलेलं दही पुढच्या विरजणाला वापरू नका. आणि कढी उकळते, त्यामुळे तिच्यात जिवंत काही उरत नाही. चवीला खावी.

“जुलाबाला पुडी पुरे”

दोन वेगळे जुलाब इथे एकत्र केलेत. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबात प्रोबायोटिकचा उपयोग दिसतो. मुलांमधल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर प्रमाण १९ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतं, तेही रोज ५०० कोटी किंवा अधिक पेशी दिल्यास जास्त चांगलं. पुडी जिवाणूंची असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तास लांब ठेवा. दही घेत असाल तर सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनी घ्या, नाहीतर दह्यातलं कॅल्शियम औषधच बांधून ठेवतं.

संसर्गाच्या जुलाबाची गोष्ट निराळी. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिक घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक पडला नाही. तिथे जीव वाचवतं ते ओआरएस, आणि सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम. पुडीच्या भरवशावर ओआरएस राहून गेलं, तर धोका त्या मेसेजचाच.

“अपाय नाही”

नेदरलँड्समध्ये गंभीर स्वादुपिंडदाहाच्या २९६ रुग्णांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. संसर्ग टळावा म्हणून नळीवाटे प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच बंद पडला होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०२३ मध्ये इशारा दिला तो एका बाळाच्या मृत्यूनंतर, पुडीतलाच जिवाणू त्याच्या रक्तात शिरला होता. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, किंवा मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्णही अशाच धोक्याच्या यादीत येतात. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्टची पुडी अशा रुग्णाच्या खाटेजवळ फोडूसुद्धा नये, कारण भुकटी हातांवर आणि हवेत पसरते आणि तिथून नळीच्या तोंडाशी पोचते.