थोरल्या लेकीच्या खांद्यावरचं फिलिपिन्स

"फिलिपिनो माणसं बघा, आई-बापाला कधी अंतर देत नाहीत. नाहीतर आपली मुलं!" आखातातल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. मी दुबईत नर्स आहे. माझ्या वॉर्डात निम्म्याहून जास्त मुली फिलिपिनो आहेत, त्यामुळे हे किती खरं आहे ते मी रोज बघते. अगदी खरं आहे. पण हे कौतुक करताना आपण नेमकं कुणाच्या कष्टाचं कौतुक करतोय आणि त्यातून कुणाला मोकळं सोडतोय, हे कुणी विचारत नाही. त्याचा मला मनापासून राग येतो, म्हणून आज सविस्तर लिहिते.

निमित्त आहे एका विधेयकाचं. २०२५ च्या जुलैमध्ये सिनेटर पान्फिलो लॅकसन यांनी 'पेरेंट्स वेल्फेअर ॲक्ट' पुन्हा फिलिपिन्सच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दाखल केला. थकलेल्या, आजारी आई-वडिलांना ऐपत असूनही न सांभाळणाऱ्या मुलांना दंड आणि तुरुंगवास, असा त्याचा गाभा. आपल्याला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे २००७ पासून ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, आई-बापाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांची कैद होऊ शकते. तिथल्या तरुण मंडळींनी मात्र सोशल मीडियावर जोरदार विरोध केला. मुलांनी आई-वडिलांना आधार द्यावा असं त्यांच्या १९८७ च्या फॅमिली कोडमध्ये, म्हणजे कुटुंबविषयक कायद्यात, आधीपासूनच लिहिलेलं आहे, मग आता तुरुंग कशासाठी, असा त्यांचा सवाल.

मी त्या तरुणांच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण माझ्या ड्युटी रूममध्येच बसलेलं असतं.

आधी तिथलं घर कसं चालतं ते सांगते. थोरल्या बहिणीला 'आते', थोरल्या भावाला 'कुया', शेंडेफळाला 'बुन्सो', आजीला 'लोला'. नुसत्या नावाने हाक मारली तर ते उद्धटपणाचं समजतात. वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायचा, हा त्यांचा नमस्कार. इथवर सगळं आपल्यासारखंच. पण एक गोष्ट आपल्यापेक्षा पार वेगळी आहे. आपल्या नावात मधे बापाचं नाव येतं, लग्नानंतर नवऱ्याचं. फिलिपिनो माणसाच्या नावात मधे येतं ते आईच्या माहेरचं आडनाव. मुलगा असो की मुलगी, जन्मापासून आईचं कूळ नावात बाळगतात. आईकडचे आणि बापाकडचे नातेवाईक सारख्याच तोलाचे. लग्न झालं म्हणून लेक परकी होत नाही. आपल्याकडे माझ्या आजीच्या पिढीपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारे बाप होते. त्यांच्याकडे सासरी नांदणारी, दोन लेकरांची आई असलेली बाई दर महिन्याला स्वतःच्या आई-बापाला पैसे पाठवते, आणि तिचा नवरा त्यावर चकार शब्द काढत नाही. मला हे फार आवडतं. आपण हे शिकायला हवं, असं मी माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे बोलते.

पण याच मोकळेपणामुळे लेकीवर दुप्पट ओझं येतं, ही दुसरी बाजू. तिला सुटका कुठेच नाही.

माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण आहे, पाच भावंडांत थोरली. तिच्या फोनमध्ये एक यादी असते, पगाराच्या दिवशी ती उघडते. लोलाचं 'मेंटेनन्स', म्हणजे बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या. बापाच्या मोटरसायकलचा हप्ता. विजेचं बिल. एका बहिणीच्या बाळाचं दूध. टायफूनमध्ये उडालेल्या छपराचे पत्रे, जे कर्ज काढून घातले आणि फिटायच्या आत पुढचं वादळ येऊन गेलं. यादीत तिचं स्वतःचं नाव सगळ्यात खाली, आणि त्याच्यापुढे बहुतेक वेळा काहीच नसतं. ती राहते एका खोलीत सहा जणींबरोबर, तिच्या वाट्याला दुमजली पलंगाचा वरचा मजला. पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचा एक भलामोठा खोका कायम उघडा.

हा खोका म्हणजे बालिकबायान बॉक्स. परदेशातला फिलिपिनो माणूस घरी जो खोका पाठवतो, तो. ऑफरमध्ये साबण दिसला की चार वड्या खोक्यात. कॉफीची बरणी, कॉर्न्ड बीफचे डबे, टूथपेस्ट, टॉवेल, चॉकलेटं. भाच्याच्या पायाचं माप घरून कागदावर आखून, त्याचा फोटो काढून पाठवलेलं. त्या मापाचे बूट, आणि बुटांच्या आत मोजे कोंबलेले, कारण खोक्यात बोटभर जागा वाया घालवायची नाही. भरला की चहूबाजूंनी टेप, त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात घरचा पत्ता. समुद्रमार्गे जातो, म्हणून नाताळच्या कितीतरी आधी रवाना करावा लागतो. नोचे बुएनाला, म्हणजे नाताळच्या आदल्या मध्यरात्रीच्या जेवणाला, माणूस नसलं तरी खोका घरात असला पाहिजे. २०१५ साली तिथल्या कस्टम्सने हे खोके उघडून तपासायचं काढलं तेव्हा जगभरचे फिलिपिनो असे खवळले की सरकारला माघार घ्यावी लागली, आणि पुढच्या वर्षी करमाफीची मर्यादा दीड लाख पेसोंपर्यंत वाढवली गेली. मला त्या संतापाचं मुळीच आश्चर्य वाटत नाही. त्या खोक्यात बाई स्वतः बसलेली असते.

आता हे सगळं 'त्यांची संस्कृतीच तशी' म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. कुटुंबाची माया जुनी आहे, पण त्या मायेला विमानात बसवलं ते सरकारने. १९७४ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत लेबर कोड, म्हणजे कामगार कायदा, आला आणि माणसं परदेशी कामाला पाठवणं हे सरकारी धोरण झालं. देशात रोजगार नव्हता, परकीय चलनाची चणचण होती, आखातात तेलाचा पैसा वाहत होता. तात्पुरता इलाज म्हणून सुरू झालेली गोष्ट कायमची झाली. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांना 'बागोंग बायानी', म्हणजे नवे वीर, असं गौरवलं. तेव्हापासून हा गौरव थांबलेला नाही.

१९९५ च्या १७ मार्चला सिंगापूरमध्ये फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या घरकामगार बाईला फाशी झाली. चार लेकरांची आई. तिच्यावर दोन खुनांचा आरोप होता, आणि ती निर्दोष आहे असं तिच्या देशातल्या असंख्य लोकांना वाटत होतं. अख्खा देश रस्त्यावर आला. त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, आणि त्यात स्वच्छ लिहिलंय की आर्थिक वाढ टिकवण्यासाठी परदेशी नोकऱ्यांना राज्यसंस्था उत्तेजन देत नाही. हे वाक्य लिहिल्यावर पुढची तीस वर्षं काय झालं? २०२३ च्या सरकारी पाहणीत एकवीस लाखांवर माणसं परदेशात कामाला होती, त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका. २०२४ मध्ये बँकांमार्फत घरी आलेला पैसा साडेचौतीस अब्ज डॉलरच्या आसपास, देशाच्या उत्पन्नाच्या साधारण आठ टक्के. जहाजावरच्या खलाशांच्या करारात तर मूळ पगाराचा ८० टक्के हिस्सा घरी पाठवलाच पाहिजे असं कलमच आहे.

मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरवर एकेकाळी कोकण जगलं, हे आपल्याला माहीत आहे. पण कोकणातला चाकरमानी गणपतीला नि शिमग्याला गावी येत होता. फिलिपिनो आई दोन-दोन वर्षं लेकराला हात लावू शकत नाही. मूल लोलाकडे वाढतं, नाहीतर मावशीकडे. व्हिडिओ कॉल चालू ठेवून इकडे आई भात लावते आणि तिकडे पोरगं गृहपाठ करतं, बोलतही नाहीत, नुसते समोरासमोर असतात. ब्रेकमध्ये हे दृश्य मी इतक्या जणींचं पाहिलंय की 'तंत्रज्ञानाने अंतर मिटवलं' असं कुणी म्हणालं तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अंतर मिटत नाही हो. त्या बायका ते सोसतात.

घरी राहिलेला नवरा आणि परदेशातली बायको यांचं नातं तुटलं तर? व्हॅटिकन सोडला तर घटस्फोटाचा कायदा नसलेला हा जगातला एकमेव देश. मुसलमान नागरिकांना १९७७ च्या वेगळ्या कायद्याने तो मिळतो, बाकीच्यांनी लग्न मुळातच रद्दबातल होतं असं कोर्टात सिद्ध करायचं, त्यात वर्षं आणि पैसा दोन्ही जातं. २०२४ च्या मे महिन्यात कनिष्ठ सभागृहाने घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडकलं. म्हणजे कमावणारी बाई कागदोपत्री अशा माणसाला बांधलेली राहते, ज्याचं तोंडसुद्धा तिने वर्षानुवर्षं पाहिलेलं नसतं. यावर स्वतंत्र लिहीन.

आता पुन्हा त्या विधेयकाकडे येते. फिलिपिनो मुलं 'ऊतांग ना लोओब' मनात घेऊनच वाढतात. कुणी आपल्यासाठी केलेल्याचं ऋण, जे कधी फिटत नाही आणि विसरलं तर माणूस निर्लज्ज ठरतो. माझ्या मैत्रिणीला कुठल्याही कायद्याने सांगितलेलं नाही, तरी तिने लग्न पुढे ढकललं, दात दुखत असताना महिनाभर डॉक्टरकडे गेली नाही, कारण लोलाला हॉस्पिटलात ठेवलं होतं. आई-बापाला न बघणारी मुलं तिथेही असतील, नाही म्हणत नाही. पण त्या समाजाचा मोठा प्रश्न तो नाही. मोठा प्रश्न हा, की एक जण सगळ्यांना बघते आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्यावर तुरुंगाची तलवार टांगायची?

पिढी बदलतेय, हेही ध्यानात घ्या. २०२२ च्या आरोग्य पाहणीत फिलिपिन्समधलं प्रजननाचं प्रमाण बाईमागे १.९ वर आलं. पाच वर्षांपूर्वी ते २.७ होतं. चर्चने वर्षानुवर्षं विरोध केलेला कुटुंबनियोजनाचा कायदा २०१२ मध्ये झाला, त्याचाही यात वाटा असावा असं मला वाटतं. पुढच्या आतेला ओझं वाटून घ्यायला चार भावंडं नसतील. एखादंच असेल.

सरकारने मनावर घेतलं तर हे ओझं उतरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१७ मध्ये तिथे कायदा झाला आणि सरकारी विद्यापीठांतली फी माफ झाली. माझ्या मैत्रिणीचा बुन्सो त्याच कायद्यामुळे शिकतोय, त्याच्या फीची ओळ तिच्या यादीतून गेली आणि त्या पैशातून तिने स्वतःच्या पेन्शनचे हप्ते भरायला सुरुवात केली. त्या दिवशी तिने सगळ्या वॉर्डाला पान्सित, म्हणजे त्यांच्याकडच्या नूडल्स, खाऊ घातलं. २०२५ मध्ये सरकारी आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत साध्या वॉर्डातल्या रुग्णाला बिलच द्यायचं नाही, अशी घोषणा झाली. ती नीट राबवली गेली, तर लोलाच्या पुढच्या आजारपणात दुबईतल्या कुणाचा तरी दात वेळेवर काढला जाईल. परतणाऱ्या 'वीरां'च्या विमानतळावरच्या सत्कारांपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

आणि ज्या म्हाताऱ्यांची एवढी काळजी वाटते त्यांना सरकार स्वतः काय देतं? निराधार ज्येष्ठांची महिन्याची पेन्शन २०२२ च्या कायद्याने पाचशेवरून एक हजार पेसो केली. आपल्या श्रावणबाळ योजनेच्या पंधराशे रुपयांएवढीच म्हणा. मनिलात २०२५ मध्ये एका दिवसाची किमान मजुरी ६९५ पेसो झाली, म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या महिन्याला सरकारने दीड दिवसाची मजुरी लावलीय. सिनेटने या आकड्यावर एक पूर्ण दिवस चर्चा करावी. माझ्या वॉर्डातल्या मुली ती चर्चा जेवण बाजूला ठेवून ऐकतील.