मॉन्सूनवर जगणाऱ्यांना विचारल्याशिवाय वर गंधक सोडू नका

२०२२ साली अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने मेक्सिकोत, बाहा कॅलिफोर्नियाच्या हद्दीत, पृथ्वी थंड करायची म्हणून सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू, भरलेले फुगे आकाशात सोडले. सरकारची परवानगी नाही, आसपासच्या वस्त्यांना कल्पना नाही. वायू होता फक्त काही ग्रॅम, हवामानावर परिणाम व्हायचं कारणच नव्हतं. तरी जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोने असे प्रयोग देशात होऊ देणार नाही असं जाहीर केलं, आणि मला ते शंभर टक्के पटलं. आज ग्रॅम आहेत, उद्या लाखो टन असतील. तेव्हा कोणी कोणाला विचारायचं, हे आत्ताच ठरायला हवं.

वर गंधक सोडून ऊन थोडं अडवायचं, ही कल्पना ज्वालामुखींकडून आली. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा स्फोट झाला आणि साधारण दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गेला. तिथे पाऊस नाही, त्यामुळे काही धुऊन निघत नाही. वायूचं पाण्याच्या वाफेबरोबर गंधकाम्ल होतं, त्याचे अतिसूक्ष्म थेंब वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरतात, वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाशाचा थोडा भाग परत फेकतात. पिनातुबोनंतर पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. मग प्रश्न आलाच: हेच विमानांनी दरवर्षी केलं तर? ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेल्या पॉल क्रुटझेन यांनी २००६ मध्ये यावर गंभीर संशोधन व्हावं असं लिहिलं, पण तशी वेळ येऊच नये ही इच्छाही त्याच लेखात होती. आज एक अंश तापमान कमी करायला दरवर्षी एक कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड लागेल, असे अंदाज आहेत.

अर्ध्या अंशाची गोष्ट सगळे सांगतात. पावसाची फार कमी जण सांगतात.

ऑक्टोबर १९९१ ते सप्टेंबर १९९२ या काळात जगभरात जमिनीवर पडलेला पाऊस लक्षणीय घटला, नद्यांमधून समुद्रात जाणारं पाणीही घटलं. तेव्हा एल निनोही होता, हे खरं. पण कारण सरळ आहे: ऊन कमी झालं की बाष्पीभवन कमी होतं आणि पाऊसही कमी. आपला मॉन्सून तर जमीन समुद्रापेक्षा जास्त तापण्यावर उभा आहे. त्यात गंधक नेमकं कुठे सोडलं यावरही बरंच ठरतं. फक्त उत्तर गोलार्धात सोडलं तर तो अर्धा भाग जास्त थंड होतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो. आफ्रिकेतल्या साहेल भागाने हे भोगलंय: १९१३ चा तिथला भीषण कोरडा पावसाळा अलास्कातल्या काटमाई ज्वालामुखीच्या १९१२ च्या स्फोटानंतरचा, आणि १९८३-८४ चा दुष्काळ मेक्सिकोतल्या एल चिचोन ज्वालामुखीच्या १९८२ च्या स्फोटानंतरचा. दोन्ही गोलार्धांत सारखं सोडलं तर हा धोका बराच कमी होतो, असं संगणकी प्रारूपं सांगतात. पण ते सारखंच सोडलं जाईल, याची हमी कोण देणार?

(काही जण याची गल्लत कृत्रिम पावसाशी करतात. सोलापूरला विमानाने ढगांवर जी फवारणी झाली तिचा परिणाम त्या ढगापुरता. इथे अख्ख्या पृथ्वीवर येणारं ऊन कमी करायचं आहे.)

आता समजा हे सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी मराठवाड्यात जुलैत पावसाचा महिनाभर खंड पडला. दुबार पेरणी, तीही वाया. हे गंधकामुळे की एरवीही झालंच असतं? १९७२ चा दुष्काळ कोणी वर काही न सोडताच पडला होता. एका वर्षाच्या एका खंडाचं कारण ठामपणे सिद्ध करणं कोणालाही जमणार नाही. मग पंचनामा कशाचा करायचा आणि भरपाई मागायची कोणाकडे? इथे पीक विम्याचे पैसे मिळवताना शेतकऱ्याची दमछाक होते. परदेशातल्या कंपनीशी किंवा सरकारशी तो कसा भांडणार?

आणि एकदा सुरू केलं की थांबवणंही सोपं नाही. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो, गंधक वर्ष-दोन वर्षांत खाली येतं. वर गंधक आहे म्हणून खाली धूर चालूच ठेवला, तर धरणाच्या भिंतीमागे पाणी चढत जावं तशी उष्णता तुंबत जाते. युद्धामुळे, मंदीमुळे किंवा एखाद्या निवडणुकीमुळे फवारणी बंद पडली की ती सगळी काही वर्षांत अंगावर येते.

कोणी म्हणेल, आपल्या औष्णिक केंद्रांच्या चिमण्यांतूनही गंधक जातंच, त्यानेही थोडा गारवा मिळतो. मिळतो. पण ते खालच्या हवेत काही दिवस टिकतं आणि चंद्रपूरच्या मुलांच्या छातीत जातं. तेही बंदच व्हायला हवं.

संशोधनाला माझा विरोध अजिबात नाही. उलट ते इथे जास्त व्हावं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत व्हावं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले गोविंदसामी बाला वीस-पंचवीस वर्षं या विषयाची संगणकी प्रारूपं करत आले आहेत, त्यांच्यासारखी माणसं आपल्याकडे आणखी हवीत. आपल्या पावसाचं काय होईल हे आपल्याला दुसऱ्याच्या अहवालातून कळू नये.

विरोध आहे तो न विचारता सोडण्याला. हार्वर्डच्या गटाला २०२१ मध्ये स्वीडनमध्ये किरुनाजवळ फक्त उपकरणं तपासायला फुगा उडवायचा होता, त्यातून काहीही सोडायचं नव्हतं. तरी तिथल्या सामी लोकांच्या परिषदेने हरकत घेतली, चाचणी रद्द झाली आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या छोट्या समाजाचा आवाज तिथवर पोचतो. आपण तर कोट्यवधी आहोत! २०२४ च्या सुरुवातीला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत या विषयावर ठराव आला होता. एकमत झालं नाही आणि तो मागे घेतला गेला. आफ्रिकी देश मात्र ‘हे वापरायचंच नाही’ असं ठामपणे म्हणत होते.

भारतानेही तेवढ्याच स्पष्टपणे, लेखी म्हणावं: मॉन्सूनवर अवलंबून असलेल्या देशांच्या संमतीशिवाय कोणीही स्थितांबरात गंधक सोडायचं नाही, आणि सोडलं तर त्यानंतरच्या दुष्काळात आपला संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सोडणाऱ्याची. आपापल्या खासदाराला हे एकदा लिहून पाठवा. मी पाठवलंय.